म्हातारीचा घास

मेलेल्यांच्या सणाची आदली संध्याकाळ होती. ओर्नेल्ला एका हातात झाकणाचं पातेलं आणि कडेवर लेक देलिया अशी गल्ली उतरून इंकोरोनाता मावशीच्या खानावळीकडे निघाली होती. काम नेहमीचंच. दर वर्षी या दिवशी मावशी अख्ख्या गल्लीपुरते गहू शिजवायची. त्यात डाळिंबाचे दाणे, अक्रोड आणि द्राक्षांचा आटवून आटवून काळा केलेला रस. ज्याने त्याने आपलं भांडं न्यायचं, भरून आणायचं, आणि रात्री निजताना टेबलावर मांडून ठेवायचं. शेजारी पाव आणि पाणी. घरातून गेलेली माणसं त्या रात्री परत येतात. लांबून येतात, दमलेली असतात, त्यांना उपाशी कसं पाठवायचं?

बंदरावरून ओला वारा येत होता. बांधून ठेवलेल्या बोटींचे दोर कुरकुरत होते. दारोदारी शेवंतीच्या जुड्या, त्यांचा कडवट वास, आणि खिडक्यांतून मेणबत्त्यांचा. ओर्नेल्ला दोनदा मागे वळली. एकदा गॅस बंद केला का ते पाहायला, एकदा दाराला कुलूप लागलं का ते पाहायला. नवरा रोक्को मासेमारीच्या बोटीवर होता आणि वाऱ्यामुळे बोट पलीकडच्या बंदरात अडकून पडली होती. तो नसला की तिचं मन थाऱ्यावर नसे. तसं ते तो असतानाही नसे म्हणा.

देलियाला तिसरं लागलं होतं, पण कडेवर तिचं ओझं जाणवत नव्हतं, आणि हाच ओर्नेल्लाच्या जिवाला घोर होता. उन्हाळ्यात ताप येऊन गेला तेव्हापासून पोरीने अन्नावरची वासनाच टाकली होती. बोलायलाही उशीर. धड येत होता तो एकच शब्द, नको. घास पुढे आला की नको, चमचा दिसला की नको. डॉक्टरीणबाईंनी काट्यावर बसवून मान हलवली होती. नाताळापर्यंत वजन वाढलं नाही तर इस्पितळात ठेवू, नाकातून नळी घालू, असं म्हणाल्या होत्या. ती नळी ओर्नेल्लाच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

खानावळीचं दार उघडलं तशी लसूण, भाजलेले मासे आणि उकळत्या गव्हाची ऊब अंगावर आली. मावशीने तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि तिलाच खुर्चीवर दाबून बसवलं. गहू अजून मुरायचे आहेत म्हणाली, आणि रोक्को घरी नाही तर इतक्या लवकर जाऊन भिंतींशी गप्पा मारणार आहेस का, असंही विचारलं. शेगडीपाशी मासे परतणाऱ्या साविनोने, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, मान वळवून पाहिलं.

"पोरीचं राहू दे, आधी तिच्या आईलाच भरव," तो म्हणाला. "वारा सुटलाय बाहेर. दगड बांधून पाठव नाहीतर."

शेजारच्या टेबलावरचे कोळी हसले. ओर्नेल्लाही हसली. या खानावळीत कुणी परकं नसायचं. पैसे आज दे, उद्या दे, पण उपाशी उठायचं नाही, ही मावशीच्या आईची रीत. तिचं नाव कार्मोझिना. खानावळ तिनेच काढलेली.

आणि आज कोपऱ्यातलं टेबल तिचं होतं.

घरोघरी मेलेल्यांचं पान निजताना मांडतात. इथे मात्र ते संध्याकाळीच मांडलेलं असायचं, कारण म्हातारी जन्मभर गिऱ्हाइकांच्या बरोबरीनेच जेवली. पांढरं कापड, एक खुर्ची, एक रिकामं ताट, पाण्याचा पेला, पाव आणि गव्हाची वाटी. वर तेलाचा एक दिवा, तेवढाच. बाकीच्या सगळ्या खुर्च्या त्या कोपऱ्याकडे पाठ करून लावलेल्या. तिकडे पाहू नये असं नाही, पण तिकडे तोंड करून बोलू नये. हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

मावशीने पास्ता आणला, कानाच्या पाळीसारखा वळलेला, कडू पाल्याच्या भाजीत घोळलेला. देलियासाठी माशाचं पातळ सूप. ओर्नेल्लाने चमचा फुंकून पुढे केला.

"नको."

पाव सुपात बुडवला. नको. पास्त्याचा एकच कान तेलात बुडवून दिला. नको. ओर्नेल्लाने गाणं म्हटलं, चमच्याची बोट केली, बोट बंदराला लावली. बंदर उघडलंच नाही. देलिया या बाजूला मान फिरवी, त्या बाजूला फिरवी, आणि तिच्या तोंडासमोर चमचा यावा म्हणून ओर्नेल्ला खुर्ची सरकवत सरकवत कधी वळली ते तिचं तिलाही कळलं नाही. मग पोरीने हात मारला. सूप ओर्नेल्लाच्या छातीवर सांडलं, गरम.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी दिवसांचं साठलेलं. तिने चमचा खाली ठेवला.

"माझ्या हातून हिच्या पोटात काही जात नाही," ती म्हणाली. "कुणीतरी भरवा गं हिला... कुणीही भरवा."

बोलून झाल्यावर तिला दिसलं की आपल्या समोर तेलाचा दिवा आहे, पांढरं कापड आहे.

कुणाचंच लक्ष नव्हतं. कोळी पत्त्यांवरून भांडत होते. फक्त शेगडीवरच्या माशांची चरचर एकदम थांबल्यासारखी वाटली, आणि दिव्याची वात, वारा नसताना, बाजूला कलली. तेवढंच. मावशीने आतून हाक मारली, की छातीवर थंड पाणी लाव, आणि जाताना तुझं पातेलं घेऊन जा. ओर्नेल्लाने देलियाला खुर्चीतच बसवलं, साविनोला लक्ष ठेवायला सांगितलं आणि ती आत गेली. पोलकं ओलं केलं, गहू भरून घेतले. किती वेळ लागणार त्याला?

बाहेर आली तर खुर्ची रिकामी.

मग दिसली. कोपऱ्यातल्या टेबलाला टेकून, टाचा उंचावून देलिया उभी होती. समोर ती एकुलती एक खुर्ची, जरा मागे सरकलेली, जशी बसलेल्या माणसाने सरकवावी. देलियाने तोंड उघडलं. मिटलं. चावलं. गिळलं. पुन्हा उघडलं, पाखराच्या पिल्लासारखं.

खरं सांगायचं तर ओर्नेल्लाला आधी आनंदच झाला. माझी पोर खातेय. एवढंच तिच्या मनात आलं, दुसरं काही नाही. मग तिचं वाटीकडे लक्ष गेलं. गहू काठोकाठ होते, वर डाळिंबाचा एक दाणाही हललेला नव्हता. चमचा कापडावर कोरडा पडला होता. आणि देलियाचे ओठ द्राक्षांच्या रसाने काळे झाले होते.

मावशी मागे येऊन उभी राहिली होती. तिने पोरीला उचललं नाही. आधी ओर्नेल्लाचा दंड धरला.

"काय बोललीस तू?"

"मी... काही नाही मावशी."

"कुठे तोंड करून बोललीस?"

उत्तर ओर्नेल्लाच्या सरकवलेल्या खुर्चीनेच दिलं. मावशीने खुर्चीकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे.

"आईला कुणाला नाही म्हणताच आलं नाही कधी," ती म्हणाली. "कुणी पोर पुढ्यात टाकलं की भरवायला घ्यायची... आणि शेवटच्या वर्षी तर भानच राहिलं नव्हतं तिला. मांजराला मांडीवर घेऊन भरवत बसली होती एकदा. मांजर कधीच मेलं होतं. ही भरवतेच आहे."

साविनो शेगडीपाशी पाठ करून उभा होता. त्याने छातीवर क्रॉस काढला.

मग मावशीने स्वतःला सावरलं. घाबरू नको म्हणाली. म्हातारीला थांबवायची एक खूण होती. दुसऱ्या कुणी सांगून ती ऐकत नसे, ताट पालथं घातलं तर सरळ करून घेई. ज्याच्या तोंडी घास, त्याने स्वतः नको म्हटलं की मात्र हसून चमचा ठेवायची.

ओर्नेल्लाच्या अंगातला ताण सुटला. तिला हसूच आलं, रडण्यासारखं.

"मावशी, हिला दुसरा शब्दच येत नाही."

"मग झालं तर," मावशी म्हणाली. पण आज घरी पान मांडू नकोस, हे तिने दारापर्यंत येऊन तीनतीनदा बजावलं.

ओर्नेल्लाने मांडलं नाही. गहूही उंबऱ्याबाहेर ठेवले, सकाळी कावळ्यांनी खाल्ले.

त्यानंतर घरात एक नवीनच शांतता आली. जेवायची वेळ झाली की देलिया आपणहून तिच्या उंच खुर्चीकडे हात करी. ओर्नेल्ला तिला बसवून पट्टा लावी, ताट वाढी. पोर ताटाकडे बघत नसे. टेबलापलीकडच्या खुर्चीकडे बघे, रोक्कोच्या, आणि तोंड उघडी. ओर्नेल्लाने वाढलेलं तसंच्या तसं राही. गार होई, वर तेलाची साय धरी. देलिया चावत असे, गिळत असे. तिच्या श्वासाला गोड, आटवलेला वास येई.

पहिल्या आठवड्यात ओर्नेल्लाने कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय? डॉक्टरीणबाईंनी काट्यावर बसवलं आणि चष्मा वर करून पुन्हा पाहिलं. शाब्बास, म्हणाल्या, अशीच भरवत राहा. रोक्को आला तेव्हा त्याने पोरीला हवेत उडवलं आणि कण्हल्याचं सोंग केलं. "काय भरवतेस हिला, बोटीचा नांगर?" तो म्हणाला, आणि ओर्नेल्ला हसली, कारण नळी टळली होती. कुणाच्या का हातून होईना, लेकरू जेवत होतं. आईला आणखी काय हवं असतं? रात्री ती देलियाच्या गालावरून हात फिरवी. गाल भरले होते. हात काढताना मात्र तिला वाटे, कुणाला तरी विचारायला हवं होतं.

मग रोक्को पुन्हा समुद्रावर गेला आणि देलियाच्या झग्याची बटणं लागेनाशी झाली.

जेवणं लांबत चालली होती. दुपारचं पान संध्याकाळपर्यंत चाले. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, श्वास अपुरा, डोळे अर्धवट मिटलेले, तरी तोंड उघडे. ओर्नेल्लाने खुर्ची दुसऱ्या खोलीत नेली, मावशीकडून चर्चमधलं तीर्थ आणून शिंपडलं, पोरीला मांडीवर घट्ट धरून बसली. मांडीवर असतानाही तिचे जबडे हलत होते. मावशी येऊन गेली, रिकाम्या खुर्चीशी हात जोडून बोलून गेली. आई, पुरे आता, असं. जाताना तिने ओर्नेल्लाकडे पाहिलं नाही. पोरीकडून वदवून घे, एवढंच म्हणाली.

आणि तोच एक शब्द देलिया आता म्हणत नव्हती. उन्हाळाभर ज्या शब्दाने ओर्नेल्लाला रडवलं होतं, तो त्या संध्याकाळपासून तिने तोंडातून काढलाच नव्हता. काढायला तोंड रिकामं कधी असायचं?

आजही तसंच. खिडकीबाहेर ऊन उतरत आलं होतं, बंदरातले दोर कुरकुरत होते. ओर्नेल्लाने माहीत असूनही ताट पालथं घातलं आणि कपाळाला लावायला ओला रुमाल आणायला मोरीपर्यंत गेली. परत आली तर ताट सरळ होतं. देलियाचे दोन्ही हात पट्ट्याखाली अडकलेले होते. ओर्नेल्लाने ताटाला हात लावला. कोमट होतं, नुकतंच कुणीतरी वाढावं तसं.

ती पोरीपुढे गुडघ्यांवर बसली. काळे ओठ पुसले. दोन्ही गाल ओंजळीत धरले.

"म्हण ना, राणी... नको म्हण. आईसाठी म्हण. एकदाच."

देलियाने खुर्चीवरून नजर काढली. कितीतरी दिवसांनी तिने आईकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. तिने घास गिळला, मोठ्या कष्टाने, आणि जीभ टाळूला लावली.

"न..."

आणि ओर्नेल्लाच्या तळहाताखाली तिचा गाल पुन्हा भरला.