खडकाखालचे तीन ठोके

पटलं नाही तर सोडून द्या, पण यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही. ज्याच्यावर हे गुदरलं, तो हर्षद माझा मावसभाऊ. शेवटचा प्रसंग तर मी स्वतः पाहिलाय.

हर्षद रत्नागिरीचा. मालवाहू जहाजावर खलाशी होता. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांचं जहाज स्कॉटलंडला लागलं. सुट्टी मिळाली म्हणून तो एकटाच एडिनबराचा किल्ला बघायला गेला.

दुपारचे चार वाजले होते.

किल्ल्यात युद्धात मेलेल्यांचं राष्ट्रीय स्मारक आहे. दारात म्हातारा पहारेकरी. हर्षदने टोपी काढली.

पहारेकरी हळूच म्हणाला, "तुमच्या मित्रालाही हेल्मेट काढायला सांगा."

हर्षदने मागे पाहिलं...

मागे कुणीच नव्हतं.

म्हाताऱ्याचा काहीतरी घोटाळा झाला असेल, असं म्हणून तो आत गेला. भिंतीलगत जाडजूड वह्या मांडलेल्या. पानोपानी मेलेल्यांची नावं. व्यापारी जहाजांवरच्या खलाशांचीही.

ती वाचताना त्याला केरू आठवला.

केरू रत्नागिरीच्याच मिरकरवाड्याचा, त्याच्याच जहाजावरचा. दोन वर्षांपूर्वी जहाजाच्या पोटातली बंद टाकी साफ करायला उतरला होता. तोंडाशी हर्षदने उभं राहायचं, असा नियम. आतल्याने मधूनमधून तीन ठोके द्यायचे, बाहेरच्याने उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही, तर आतल्याने वर यायचं. आतून ठोके आले नाहीत, तर बाहेरच्याने माणसं बोलवायची.

किनारा जवळ आला, फोनला रेंज आली. पाच मिनिटांसाठी म्हणून हर्षद डेकवर गेला.

अर्ध्या तासाने परतला.

टाकीत हवा उरली नव्हती. केरू शिडीच्या तिसऱ्या पायरीवर सापडला.

चौकशीत हर्षदने लिहून दिलं, 'मी जागेवरून हललो नाही.' केरूच्या आईलाही तेच सांगितलं.

स्मारकाच्या टोकाला किल्ल्याचा मूळ खडक फरशी फोडून वर आलाय. त्यावर लोखंडी पेटी, मेलेल्यांच्या नावांची. हर्षद तिच्यासमोर उभा राहिला.

आणि...

ठक. ठक. ठक.

खडकाच्या आतून.

मग शांतता. कुणीतरी उत्तराची वाट बघावं, तशी.

पुन्हा... ठक. ठक. ठक. या वेळी सावकाश. दमल्यासारखे.

एक हात आपटायचा होता फक्त. हर्षदच्याने तेवढंही झालं नाही.

तो पळत सुटला.

दारात पहारेकऱ्याने अडवलं. "तुमचा मित्र आतच आहे."

"मी एकटाच आलोय."

"नारिंगी कपड्यातला," म्हातारा म्हणाला. "आत्ताच मला विचारत होता... तुम्ही कुठे गेलात म्हणून."

केरू टाकीत उतरला, तेव्हा त्याच्या अंगात कामाची नारिंगी डांगरी होती, डोक्यावर हेल्मेट.

हर्षदने नोकरी सोडली. घरी आल्यावर आठवडाभर नीट जेवला नाही. मग एका सकाळी मला म्हणाला, "भागूबाईकडे सोड."

भागूबाई, केरूची आई. दारात बसून सुकी मासळी निवडत होती. मी गाडीवरच थांबलो. हर्षदने काहीही न लपवता तिला सगळं सांगितलं. किल्ल्यातलंही.

ती रडली नाही. बराच वेळ निवडत राहिली.

"फोनवर कोणाशी बोलत होतास?"

"माज्या आयशीशी," हर्षद म्हणाला.

तिचे हात थांबले.

"त्या किल्ल्यात माज्या केरूचा नाव लिवलाय?"

"नाय."

"मग तो तिथं कशाला गेला?"

भागूबाई टोपली उचलून उभी राहिली. त्याच्या खांद्यावरून मागे बघत राहिली... अंगण संपतं तिथे.

मग तिने पदर सावरला आणि दारातून बाजूला सरली. कुणाला तरी आत जायला वाट द्यावी, तशी.

मी अंगणाकडे तोंड करूनच बसलो होतो. मला कुणी दिसलं नाही.

आजही मी एवढंच सांगू शकतो.