संगमावरचा डबा

आता तुम्ही विचारलंच आहे तर सांगतो. आजवर हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

मोबाइलवर एक खेळ आहे. कुठंतरी एक डबा लपवायचा आणि ती जागा नकाशावर टाकायची. अनोळखी माणसं तो शोधत येतात, आतली एखादी वस्तू नेतात, आपली एक ठेवतात. बाघ नदी वैनगंगेला मिळते तिथं, कहूच्या, म्हणजे अर्जुनाच्या झाडाच्या मुळांत मी असाच एक स्टीलचा डबा लपवला होता. आमच्या भरवेलीहून मोटारसायकलनं जाऊन यायला बरी जागा. डबा कोणाला सापडल्याची नोंद मोबाइलवर येत नव्हती, म्हणून एका दुपारी सहज पाहायला गेलो.

मी ठेवलेली किल्लीची साखळी डब्यात नव्हती. तिच्या जागी एक कानातलं होतं. माझ्या बायकोचं, श्रुतिकाचं. आठवडाभर ती ते घरभर शोधत होती.

वाळू उन्हानं तापली होती, पण मुळांखालून थंड चिखलाचा वास येत होता. मी तिथंच बसून राहिलो. मनात एकच घोळत होतं. श्रुतिका इथं येते. कोणासोबत?

घरी कानातलं लपवून ठेवलं. पुढच्या रविवारी तिलाच सोबत घेऊन गेलो, तिचा चेहरा पाहायला.

काठावर महागू नावाडी डोंगीला डांबर लावत होता. तिला पाहून ओळखीचं हसला.

"आज रस्त्यानं आल्या काय, वैनी?"

श्रुतिका थबकली. "मी तर पहिल्यांदाच येऊन राह्यली, भैया."

"असं कसं? त्या झाडाखाली तं बसता..."

त्याची बायको चंपाबाई बाजूला मासे साफ करत होती. तिनं श्रुतिकाला खालपासून वरपर्यंत निरखलं आणि हळूच नवऱ्याला म्हणाली, "चूप राहा तुमी."

मी खिशातून कानातलं काढलं. "हे माझ्या डब्यात कसं आलं?"

मला वाटलं होतं ती घाबरेल. ती भडकली. "मले काहून विचारता? डबा तुमचा, जागा तुमची. माझं कानातलं कोणाले देऊन राह्यले होते, ते सांगा ना! पाहू द्या, अजून काय काय लपवलं तर."

ती तरातरा झाडाकडे गेली आणि बुंध्याआड दिसेनाशी झाली. तिथं दोन्ही नद्यांचं पाणी बराच वेळ न मिसळता शेजारी शेजारी वाहतं, एक गढूळ, एक काळसर. त्याचा आवाज कानात भरून राहिला होता. मग तोही थांबल्यासारखा वाटला.

"श्रुतिका..."

ती आली. हात रिकामे.

"डब्यात काही नाही. चला."

राग कुठल्या कुठं गेला होता.

घरी पोचताच ती स्वयंपाकघरात गेली, आणि महागूचा फोन आला. डब्यावर लक्ष ठेव म्हणून मीच त्याला नंबर दिला होता.

"भाऊ, वैनीले काहून टाकून गेले? झाडाखाली बसून रडून राह्यल्या ना..."

आतून कांदा चिरल्याचा आवाज येत होता.

सकाळी कामावर जातो म्हणून निघालो आणि थेट संगम गाठला. झाडाखाली कोणी नव्हतं.

"गेली ते," चंपाबाई म्हणाली. "भरवेलीचा रस्ता पुसत होती. म्या हट्टा गावाच्या रस्त्याकडं बोट दाखवलं... चुकलं काय, बाबू?"



तेव्हापासून घरातल्या श्रुतिकाला मी आडून आडून विचारत असतो. लग्नात वरातीचं काय झालं होतं, लालबर्र्याला आपण कोणाकडे उतरलो होतो. सगळं बरोबर सांगते. पूर्वी विसरायची, तेसुद्धा.

काल हट्ट्याच्या बावलीजवळ, जुन्या पायविहिरीपाशी चहा विकणाऱ्या हिरालालचा फोन आला. जुनी ओळख आहे आमची.

"हेमराज, तुझी बायको पायी काहून फिरून राह्यली बे? घराचा रस्ता विचारत होती. थांब म्हटलं, त्याले बोलावतो, तं रडाले लागली... आणि निघूनच गेली, बालाघाटकडं, तुमच्या भरवेलीच्याच रस्त्यानं."

हे मी श्रुतिकाला सांगितलं नाही. पण संध्याकाळी घरी आलो, तर ती दाराला आतून नवी कडी ठोकत होती.

"हे कशाले?"

ती वळली नाही.

"कोणी हाक मारली तर उघडू नका," ती म्हणाली. "माझ्या आवाजात मारली, तरी."