पाच जणांचं तिकीट

ट्रामच्या थांब्यावर, तिकिटाच्या यंत्रापुढे बाबा अडून बसले होते.

"पाच जणांचं एकत्र तिकीट चार सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त आहे," ते म्हणाले. "पण आपण चारच. एक माणूस चक्क वाया जातोय!"

"वहिनी, आता या वयात पाचवा कुठून आणायचा हो?" आत्या आईला म्हणाली.

मागे कुणीतरी खुदकन हसलं. परक्या देशात हे हसू मराठी कळल्याशिवाय येणारं नव्हतं. चौघंही एकदम वळली. मागे एक उंच तरुण उभा होता… खांद्याला कापडी पिशवी, थंडीनं लाल झालेले कान, आणि हसताना पकडला गेल्याचा ओशाळा चेहरा.

"मराठी?" बाबांनी विचारलं.

"हो."

"कामावर निघालात?"

"नाही, आज रजा आहे. असाच बाहेर पडलो होतो."

"मग झालं तर! तुम्ही आमचे पाचवे."

कुठल्याही शहाण्या माणसानं हात जोडून काढता पाय घेतला असता. त्यानं एकदा बाबांकडे पाहिलं, मग त्यांच्या मुलीकडे पाहिलं. तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं… आणि म्हणाला, "चालेल."

तिकिटाची अट अशी की पाचही जणांनी एकत्रच फिरायचं. ती अट बाबांनी मोठ्यानं वाचून दाखवली.

"म्हणजे संध्याकाळपर्यंत तुमची सुटका नाही," मुलगी म्हणाली. "फुकटचं महागात पडणार हं तुम्हाला."

"बघू," तो म्हणाला, आणि कान आणखी लाल झाले.

घरात तिला सगळे चिमटा म्हणत, ते उगीच नाही. तिच्या जिभेपुढे भलेभले गार पडायचे. पण तिची एक गोची होती. मनातलं खरं काही बोलायची वेळ आली, की तोंडातून नेमकी चेष्टाच बाहेर पडायची.

ट्राम मग नदीच्या कडेनं निघाली. त्यानं आत्याला खिडकीची जागा मिळवून दिली, आईची जड पिशवी मुकाट्यानं आपल्या खांद्याला अडकवली, आणि बाबांच्या हातातला नकाशा उलटा होता तो त्यांना कळणार नाही अशा बेतानं सुलटा केला. दोन थांब्यांत तो घरचा झाला. त्याचं नाव विचारून झालं होतं, पण सगळे त्याला 'पाचवा' म्हणूनच हाक मारू लागले.

"तुम्ही चढताना नेहमी डावा पाय आधी टाकता," ट्राम बदलताना तो तिला हळूच म्हणाला.

"अगंबाई! एवढं लक्ष?"

"कामच आहे ते माझं. मी कृत्रिम पाय बनवतो. माणूस कसा चालतो ते आधी बघावं लागतं."

"आणि फक्त पायच बघता?"

तो गडबडला. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आजपर्यंत… फक्त पायच बघत होतो."

तिला हसू आलं, आणि ते लपवायला तिनं मफलर नाकापर्यंत ओढून घेतला.

दिवस कसा गेला कळलंच नाही. टेकडीवरचा बुरूज झाला, जुन्या घड्याळांचं संग्रहालय झालं. बाबांनी एकाच पुतळ्याचे चार बाजूंनी फोटो काढले. ती त्याला 'फुकटे पाहुणे' म्हणून छळत राहिली, तो "जी मालकीण" म्हणत सोसत राहिला. बाकावर बसून खाताना तिनं आपल्या वाटणीचं सफरचंद अर्धं करून त्याच्यापुढे धरलं. घेताना त्याची बोटं तिच्या बोटांशी क्षणभर… अगदी क्षणभरच थांबली. आत्यानं पाहिलं आणि मुद्दाम कबुतरांकडे तोंड फिरवलं.

शेवटची फेरी बोटीची. तीही त्याच तिकिटावर. कठड्याशी दोघंच उभी होती; वारा असा की शब्द तोंडातून निघताच उडून जावेत.

"मला दुसऱ्या शहरात बोलावलंय," तो म्हणाला. "इथून आणखी लांब. तीन वर्षांसाठी. नाहीतर मग घरी परत. तुमच्याच शहरात एक कार्यशाळा आहे, तेही बोलावतायत. उद्या सकाळी कळवायचंय."

"घरचे काय म्हणतात?"

"भाऊ-वहिनी म्हणतात, तुला पटेल ते कर. परत ये… असं कुणीच म्हणत नाही." त्यानं तिच्याकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्याची नजर हलली नाही. "तुम्ही सांगा. जाऊ मी?"

नका जाऊ. दोनच शब्द, तिच्या ओठांवर आलेले. पण पलीकडे बाबा फोटोसाठी हाका मारत होते, ओळख सकाळचीच होती, आणि उत्तराची वाट बघणारे ते डोळे तिला सोसवेनात.

"जा की!" ती म्हणाली. "तिथंही कुणाचं तरी पाचवं तिकीट रिकामं असेलच."

तो हसला. जरा उशिरानं हसला.

"खरंय," तो म्हणाला.

त्यानंतरही त्यानं आईची पिशवी धरली, आत्याच्या कोट्यांना दाद दिली. फक्त परतीच्या ट्राममध्ये चढताना तिनं मुद्दाम उजवा पाय आधी टाकला, तेव्हा त्याचं लक्ष नव्हतं. आपल्या थांब्यावर उतरताना त्यानं बाबांना नंबर दिला. "रस्ता चुकलात तर फोन करा," म्हणाला. तिलाही काहीतरी म्हणायचं होतं.

"या हं, फुकटे पाहुणे!"

त्यानं हात वर केला आणि दार मिटलं.

हॉटेलच्या खोलीत आत्या गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली होती.

"गुणी हो पोरगा," ती म्हणाली. "पास असून दिवसभर आपल्यामागं फिरला."

"कसला पास?"

"अगं, महिन्याचा. सकाळी पैसे द्यायला त्यानं पाकीट उघडलं तेव्हाच दिसला की. रोज ट्रामनं कामाला जाणारा माणूस पास काढणार नाही होय? त्याला कशाला लागतंय आपलं तिकीट!" आत्यानं मान वर केली. "मला वाटलं, तुला माहीत आहे. नाहीतर एवढं चिडवत कशाला होतीस?"

ती पलंगावर बसली. तो फुकट फिरायला आलाच नव्हता. आला होता तो तिच्यासाठी. आणि तिनं दिवसभर त्याची चेष्टा केली, शेवटी 'जा' म्हणाली. तिला स्वतःचा इतका राग कधीच आला नव्हता. बाबांच्या फोनमधून नंबर घेतला, पण काय बोलावं ते सुचेना. सकाळी नीट ठरवून बोलू, असं म्हणत तिनं फोन उशाशी ठेवला.

सकाळी बॅगा भरतानाच तिनं तो लावला.

"पास होता ना तुमच्याकडे?"

"होता."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर पाचवा कसा झालो असतो?"

"काल मी… चेष्टा केली हो. मला म्हणायचं होतं, नका जाऊ. परत या."

"वाटलं होतं मला, चेष्टाच असेल," तो हळूच म्हणाला. "पण खात्री नव्हती. आत्ताच तिथल्या करारावर सही करून खाली आलोय."

"मोडता नाही येणार?"

"नाही."

जिन्यातून कुणीतरी जात असावं. त्याच्याकडून पावलांचा आवाज येत राहिला. तीन वर्षं थांबेन, असं म्हणायचा तिला धीर झाला नाही. थांबा, असं म्हणायचा त्यालाही झाला नाही.

"डावा पाय आधी टाका," तो शेवटी म्हणाला. "तोच शोभतो तुम्हाला."

विमानतळाकडे जाणाऱ्या ट्रामसाठी बाबांनी सवयीनं पुन्हा पाच जणांचंच तिकीट काढलं होतं. अर्ध्या वाटेत तपासनीस आला. त्यानं तिकीट पाहिलं, चौघांवरून नजर फिरवली, आणि हाताची पाच बोटं पसरून भुवया उंचावल्या.

बाबा खिसे चाचपायला लागले, आई त्यांच्याकडे बघू लागली. आत्यानं मात्र भाचीचा हात घट्ट धरला.

"एक जण उतरला," भाची मराठीतच म्हणाली. "मीच उतरवला."

तपासनिसाला अर्थातच काही कळलं नाही. त्यानं मान डोलावून तिकीट तिच्या हातात परत दिलं आणि तो पुढे गेला.