मगरीच्या दाताखालची गादी

रुद्रेशने कृष्णनाथला दगा दिला. बरं, तसं काही झालंच नाही असं समजू आणि होडीत बसू.

गोवा घटक राज्य झालं, त्यानंतरच्या पौषातली गोष्ट. चोपड्याच्या खारफुटीत मगर मरून पडल्याची बातमी आली आणि डिचोलीचा कृष्णनाथ आरी, वनखात्याची परवानगी आणि फॉर्मेलिनची बरणी घेऊन निघाला. पालीचे दात हाडाला नुसते डकवलेले. मगरीचे मात्र आपल्यासारखे खोबणीत बसलेले, मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक धाग्यांची गादी. त्या गादीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायचा, नाहीतर प्रबंध बंद, असं सरांनी बजावलं होतं. सोबत बालमित्र रुद्रेश, चोपड्याचाच, आणि होडी वल्हवायला त्याचा मामा सगुण.

तिला मराठीत ‘मगर’ म्हणायचं की कोंकणीत ‘माणगें’, यावर मामा-भाचे नदीभर भांडले. तेव्हा सगळं राज्यच असल्या गोष्टींवर भांडत होतं.

मगर सापडली. वास आधी सापडला! गुडघाभर चिखलात कृष्णनाथने आरी चालवली. जबडा सुटला. तेवढ्यात शेजारचा ओंडका हलला. ओंडक्याला डोळे होते!

“पळ रे!” सगुणमामा ओरडला.

कृष्णनाथने जबडा होडीत फेकला. “आधी तो वाचव, रुद्रेश!” आणि बरणी काखेत मारून तो झाडावर चढला. रुद्रेशने आज्ञा पाळली. फारच पाळली. होडी निघून गेली!

खाली मगर, वर कृष्णनाथ. कंटाळून मगरच आधी गेली. मग एका जाळेवाल्याने त्याला उतरवून पैलतीरी सोडलं.

बांधावर ढोल वाजत होते. खाजणाचा, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीचा, बांध फुटू नये म्हणून तिथे पौषात चिखलाची मगर करून पुजतात. एरवी तिला काटक्यांचे दात. यंदा खरे!

“रुद्रेश, जबडा कुठाय?”

“उकडलंय. दात कसे सुटसुटीत इले! हाड खाडयेत उडयलां, घाण येय होती.”

“अरे, त्यातली गादी... ते धागे! निदान एक दात तरी काढून दे.”

“पुजलेलो दात काढतत? बांध फुटलो तर थंय तुझी बरणी लावूची?”

“तू माझा मित्र ना रे?”

“म्हणान तर पैलो नारळ तुझ्यासाठी ठेवलो हा!”

कृष्णनाथने नारळ फोडला. इतका जोरात, की ढोल थांबले. मग चिखलाच्या मगरीसमोर हात जोडून तो म्हणाला,

“सेवेशी सादर. पुढील खेपेस देह ठेवताना एक दात, खोबणी, धागे व हाडासह, न उकडलेल्या स्थितीत, आपण स्वतः अर्जदाराच्या बरणीत आणून सोडावा. मित्रांमार्फत पाठवू नये, ही नम्र विनंती.”