साडूनं मागितलेलं पाणी

ती कुऱ्हाड ठेव आधी खाली. ठेव म्हणतो ना. आणि तो सुरा दाखव बघू. फोनवरून मागवलास? वा रे वा! रानात मुक्कामाला निघालायस की नाटकात काम करायला? पातं मुठीत जेमतेम बोटभर शिरलंय. पहिल्याच ओंडक्याला मूठ तुझ्या हातात राहील आणि पातं जाईल देवाघरी. सुरा घेताना पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलंय का, हे बघायचं. मला हे ज्यानं शिकवलं, त्याचीच गोष्ट सांगतो. शेकोटीत एक लाकूड सरकवा आणि गप्प बसा. खोटी वाटली तर सकाळी हसा.

माझ्याच वयाचा माणूस. नोकरी पोस्टात आणि नाद हत्यारांचा. घरातली एक अख्खी भिंत त्यानं भरली होती. फांद्या छाटायचे लांब कोयते, ओंडके फोडायच्या जाड कुऱ्हाडी, एका हातानं चालवायच्या छोट्या, म्यानातले सुरे. कुऱ्हाड घेताना दांडा दोन बोटांत लोंबकळत धरायचा आणि पात्यावर नखानं टिचकी मारायचा. नाद लांबला तर घ्यायची, बद्द वाजली तर दुकानदाराला नमस्कार. बायको म्हणायची, "मला पसंत करताना टिचकी मारायची राहिली वाटतं!" सगळे त्याला पारखी म्हणायचे.

तर डिसेंबरातला दुसरा शनिवार, रात्रीचे पावणेदहा. पारखी एका कामाला बाहेर पडला. काम साधंच. भिंतीवरची सगळी हत्यारं त्यानं विकायला काढली होती आणि घेणारा माणूस पहाटेच गाडी घेऊन येणार होता. एक कुऱ्हाड तेवढी मिस्त्रीकडे होती, नवा दांडा बसवायला. ती आणायची होती.

मिस्त्री म्हणजे सुतार, पारखीचा लहानपणापासूनचा दोस्त. पारखीच्या प्रत्येक कुऱ्हाडीला दांडा त्याचाच. पात्याच्या ज्या भोकात दांडा बसतो त्याला नेढं म्हणतात. मिस्त्री नेढ्यात दांडा बसवून वरून पाचर ठोकायचा, की हत्ती लावला तरी हलायचा नाही. निदान पारखी तसं सांगायचा सगळ्यांना.

आता विकायला का काढली, ते सांगतो. आदल्या वर्षी पारखी आणि त्याचा साडू, म्हणजे थोरल्या मेहुणीचा नवरा, नेहमीसारखे रानात गेले होते. साडू मोठा गमत्या. घाव घालण्याआधी दांड्याचं बूड जमिनीवर तीनदा आपटायचा, ठक, ठक, ठक, आणि कुऱ्हाडीला म्हणायचा, "ऊठ बाई, कामाला लाग." पोटभर झालं की हातातला पेला उपडा घालायचा. वाढणारीनं कितीही आग्रह केला तरी पेला उपडा म्हणजे विषय संपला.

त्या दिवशी सकाळी पारखीनं नव्या दांड्याची कुऱ्हाड तपासली. घट्ट. मग ती साडूच्या हातात दिली. सकाळपासून ती उन्हात होती. दुपारी साडूनं ती वर उचलली आणि पातं दांड्यावरून सुटून त्याच्याच डोक्यात आलं. संध्याकाळपर्यंत दवाखान्यात होता. एकच शब्द बोलत होता. पाणी. पारखीनं चमच्यानं पाणी पाजलं. साडूनं तोंड फिरवलं, आणि परत म्हणाला, पाणी. ओठ ओले, तोंडात पाणी, आणि पाणी पाणी करतच गेला.

मेहुणी, सगळे तिला ताई म्हणत, पारखीला एकच वाक्य बोलली. "तुमच्या हातची कुऱ्हाड होती." त्यानंतर वर्षभर अबोला. रोज रात्री ती नवऱ्याच्या पलंगापाशी भरलेला पेला ठेवायची. सकाळी तो भरलेलाच असायचा. पारखीला हे बायकोकडून कळायचं आणि तो ताटावरून उठायचा.

त्या वर्षात त्याला धरून ठेवलं ते मिस्त्रीनं. दर रविवारी यायचा, शेजारी बसायचा, पाठीवरून हात फिरवायचा. "नजर चुकते रे. वय झालं आपलं. किती दिवस मनाला लावून घेशील?" शेवटी पारखीलाही पटलं की आपली नजरच गेली. म्हणून तर भिंत रिकामी करायची होती.

मिस्त्रीनं त्याला सांगितलं होतं, "रविवारी दुपारी ये, तयार ठेवतो." पण गिऱ्हाईक पहाटेचं. फोन केला तर उचलेना. म्हणून पारखी तसाच निघाला. बाजाराच्या मागचा रस्ता, दुकानं बंद, एका दिव्याखाली कुत्रं झोपलेलं. मिस्त्रीच्या कारखान्याचं कुलूप उघडं लटकत होतं. आत अंधार.

"मिस्त्री?"

असेल मागच्या खोलीत, असं म्हणून पारखी आत शिरला. मोबाइलचा उजेड पाडला. भुसा, रंधा, कडेला उभ्या फळ्या. बाकावर कुऱ्हाड नव्हती.

तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला.

ठक.

पारखी थांबला.

ठक... ठक.

तीनदा. मग काही नाही.

मांजर असेल, तो स्वतःशी म्हणाला. पण मांजर मोजून आपटतं का? तरी तो गेला. दार ढकललं.

त्याची कुऱ्हाड खोलीच्या मधोमध उभी होती. पातं वर, बूड जमिनीवर. टेकायला काही नाही... धरायला कोणी नाही... आणि ती उभी होती. पात्यावरून थेंब गळत होते.

टप.

टप.

मग ती सावकाश कलली आणि त्याच्या पायाशी आडवी झाली.

जमिनीवर ओली पावलं होती. अनवाणी. कोपऱ्यातल्या पिंपापासून निघालेली, कुऱ्हाडीपर्यंत आलेली. परत गेलेली नव्हती.

"पाणी..."

कानाशी. अगदी कानाशी. ओळखीचा आवाज.

"दिलं होतं रे मी..." पारखी गर्रकन वळला. "दिलं होतं... तूच घेतलं नाहीस..."



"पाणी..." या वेळी आवाज पिंपातून आला.

पारखी पिंपापाशी गेला. उजेड खाली धरला. काठोकाठ पाणी, आणि त्यात डोकं खाली करून बुडवलेल्या आणखी दोन कुऱ्हाडी. नवे दांडे.

आणि मग त्याला कळलं. पोरांनो, नीट ऐका. पात्याला पाणी लोहार पाजतो, लालभडक असताना. दांड्याला पाणी पाजायचं नसतं. ढिला बसलेला दांडा रात्रभर पाण्यात ठेवला की लाकूड फुगतं, नेढ्यात गच्च बसतं. वरून पुसून तेलाचा हात मारला की ओल दिसत नाही. सकाळी हत्ती लावा, हलणार नाही. पण दिवसभर ऊन लागलं की लाकूड सुकतं, आकसतं, आणि पातं सुटतं. आळशी सुताराची ही जुनी लबाडी. साडूच आदल्या रात्री मिस्त्रीकडून कुऱ्हाड घेऊन आला होता. त्यानं ती पिंपातून निघताना पाहिली असणार. तेव्हा त्याला वाटलं असेल, असंच करत असतील. दवाखान्यात पडल्यावर कळलं. तो पाणी मागत नव्हता. पाणी सांगत होता.

मागे दिवा लागला. मिस्त्री दारात उभा होता, हातात जेवणाचं पुडकं.

"तू... आत कसा आलास? कुलूप लावलं होतं मी."

पारखीनं पिंपाकडे बोट दाखवलं. "साडूच्या कुऱ्हाडीलाही पाणीच पाजलं होतंस?"

मिस्त्रीनं पुडकं या हातातून त्या हातात घेतलं.

"बोल की!"

"एका रात्रीचं तर होतं..." मिस्त्री खाली बघत म्हणाला. "लाकूड जरा बारीक झालं होतं. तुम्हाला जायची घाई. मला काय माहीत..."

"दुसऱ्या दिवशी तर माहीत झालं ना? वर्षभर माझ्या पाठीवरून हात फिरवत होतास. माझी नजर गेली म्हणालास. मी मानलं रे! ताईच्या दारात मी मान खाली घालून उभा राहिलो आणि तू माझ्या शेजारी उभा होतास."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण आपण शाळेत पाठ करतो आणि विसरतो. पारखीला ती त्या रात्री कळली. साडू गेला तेव्हाही तो इतका रडला नव्हता. मेलेला माणूस वर्षभर त्याच्या बाजूनं होता आणि जिवंत दोस्त नव्हता.

"त्या दोन्ही बाहेर काढ," तो एवढंच म्हणाला, "नाहीतर उद्या कुणाच्या तरी घरात..."

ठक.

दोघांनी ऐकलं. दोघांपैकी कोणाचेही हात हलले नव्हते.

ठक... ठक.

मिस्त्रीच्या हातातलं पुडकं खाली पडलं. पारखी मागे न बघता बाहेर आला. कुऱ्हाड तिथंच राहिली.

घरी तो कोणाशी बोलला नाही. काय सांगणार? ताईला सांगितलं तर म्हणेल, स्वतःचा दोष दुसऱ्यावर ढकलायला भुताची साक्ष काढतोय. रात्रभर भिंतीकडे बघत बसला. पहाटे गाडी आली, ती त्यानं रिकामी परत पाठवली.

आणि साडेसहाला फोन वाजला. ताईचा. वर्षभरात पहिल्यांदा.

नुसता श्वास.

"ताई?"

"भाऊजी... धाकटी म्हणाली, काल रात्री तुम्ही बाहेर होतात. कुठं गेला होतात?"

पारखीनं भिंतीवरच्या एका रिकाम्या खुंटीकडे पाहिलं.

"नाही, रागावत नाही मी. या तुम्ही घरी. आत्ता या." तिचा आवाज फुटला. "पेला रिकामा आहे हो. फरशी कोरडी आहे, चादर कोरडी आहे. दार मी आतून लावलेलं. आणि पेला..."

"पेला काय?"

"उपडा घातलाय."