अस्थिकाचं घर

कारखान्याच्या शेडमध्ये दोन्ही घरं शेजारी शेजारी उभी होती, आणि बाहेरून पाहता इरावती शिरगावकरला त्यांच्यात काडीचाही फरक दिसत नव्हता. तेच उतरतं छप्पर, तीच खोल्यांची मांडणी, त्याच फिकट राखाडी भिंती. किंमत मात्र एकाची दुसऱ्याच्या दुप्पट होती.

"महाग आहे तेच घेऊ," मोरेश्वर म्हणाला. "घर काय आपण दरवर्षी घेणार आहोत?"

मोरेश्वर तिचा नवरा. आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवून नुकताच निवृत्त झालेला. देवगडजवळच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, समुद्राच्या अगदी तोंडावर, त्यानं बऱ्याच वर्षांपूर्वी जागा घेऊन ठेवली होती. पावसाळ्यानंतर सड्यावर उगवणाऱ्या इवल्या फुलांचा अभ्यास करत उरलेलं आयुष्य तिथेच काढायचं, हा त्याचा बेत. पण त्या उघड्या कातळावरचा वारा भल्याभल्या छपरांना पुरून उरला होता. म्हणून कारखान्यात तयार झालेलं, ट्रकवर घालून नेऊन बसवायचं असं घर बघायला दोघं आली होती. इरावती कोल्हापुरात हाडांची डॉक्टर होती. विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा आपल्या बोटांवर तिचा भरवसा जास्त. ती भिंतीवर टिचक्या मारून बघत होती.

"आवाज सगळीकडे सारखा येतो," ती म्हणाली. "तान्ह्या बाळाच्या हाडासारखा. अजून काही सोसलेलं नाही."

तिच्या मागे उभे असलेले अन्सार मुकादम हसले. या भिंतींचं द्रव्य त्यांच्याच प्रयोगशाळेत जन्मलं होतं. त्याला त्यांनी नाव दिलं होतं अस्थिक.

"बरोबर ओळखलंत, डॉक्टर. हे चुन्याचं जाळं आहे, आणि त्याच्या पोकळ्यांत जिवंत जिवाणू आहेत. भिंतीवर दाब आला की त्या जागी अगदी बारीक विद्युतभार तयार होतो. जिवाणूंना तो जाणवतो, आणि ते तिथे चुना रचतात. जिथे दाब येत नाही तिथला चुना हळूहळू काढून घेतात. भिंतीला वर्षातून एकदा चुन्याचं खाद्य पाजायचं, बाकी घर आपलं आपण बघतं."

"एकदाच आलेल्या धक्क्यानंही रचतात?"

"नाही. एकदाचा धक्का ते विसरतात. रोजचा लहानसा दाब विसरत नाहीत."

"अगदी हाड," इरावती म्हणाली. "आणि महागात काय जास्त आहे?"

"आत पोलादी सांगाडा."

इरावतीनं मुकादमांकडे रोखून पाहिलं. "मोडलेल्या हाडावर आम्ही पोलादी पट्टी बसवतो. ती फार ताठ असली की सगळा भार तीच उचलते, आणि खालचं हाड विरळ होत जातं. इथे तसं नाही होणार?"

मुकादमांनी आजूबाजूला पाहिलं. विक्री विभागाचा माणूस लांब होता. "होतं," ते म्हणाले. "सांगाडा भार उचलतो, भिंत आळशी होते. पोलाद शाबूत आहे तोवर बिघडत नाही. पण खाऱ्या हवेत पोलाद किती टिकेल, हे तुम्हाला मी सांगायला नको. गिऱ्हाइकाला पोलाद म्हटलं की धीर येतो, म्हणून ते ठेवलंय. माझ्या स्वतःच्या घरात नाही."

मोरेश्वरच्या मनाला ते पटकन पटलं नाही. परतीच्या वाटेवर तो म्हणत राहिला की स्वस्तातलं घर वादळात उडालं तर लोक आपल्यालाच हसतील. इरावती त्याला हसली नाही की चिडलीही नाही. "सड्यावरची झाडं तू बागेतून आणून लावणार आहेस का? ती वाऱ्यातच वाढतात ना?" एवढंच तिनं विचारलं. साधं घर ठरलं.

पहिल्या पावसाळ्यात त्यांचे जीव मुठीत होते. वारा सुटला की पश्चिमेची भिंत हलकेच कण्हायची. पण हंगाम सरता सरता तिचा सूर बदलला, आणि दुसऱ्या पावसाळ्यात ती कण्हेनाशी झाली. इरावती आठवड्यातले काही दिवस देवगडच्या दवाखान्यात बसू लागली. मोरेश्वर भिंग घेऊन सड्यावर ओणवा असायचा.

दुसऱ्यांदा खाद्य पाजायची वेळ आली तेव्हा मुकादम स्वतः आले. इतक्या वाऱ्यातलं हे त्यांचं पहिलंच घर. त्यांनी भिंतींवरून ध्वनिलहरींनी आतलं टिपणारं यंत्र फिरवलं आणि पडद्यावर घराचं चित्र उमटलं. जितका चुना दाट तितका रंग गडद. पश्चिमेची भिंत, छपराचे सांधे, पायाचे कोपरे, सगळं काळंभोर झालं होतं.

"कारखान्यातून निघालं त्याच्या किती तरी पट मजबूत," ते समाधानानं म्हणाले. मग त्यांचं बोट थांबलं. "हे काय?"

झोपायच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या चिंचोळ्या बोळात, दोन्ही भिंतींवर, कमरेच्या उंचीला एकेक गडद पट्टा होता.

"इथे फळी होती का?"

"नाही."

"मग कळत नाही. आत वारा येत नाही, आणि घराचा भारही असा आडवा पडत नाही."

इरावती पडद्याजवळ सरकली. "चुन्याचे धागे कुठल्या बाजूला कललेत, ते दिसेल?"

मुकादमांनी चित्र मोठं केलं. हाडाच्या आतले धागे भाराच्या दिशेनं रचले जातात, हे ती आयुष्यभर बघत आली होती. डाव्या भिंतीतले धागे सगळे स्वयंपाकघराकडे कललेले होते, आणि समोरच्या भिंतीतले सगळे झोपायच्या खोलीकडे.

कुणीतरी रोज इथून जाताना एका भिंतीला रेटा देत होतं आणि येताना दुसऱ्या. जाताना डावा हात, येतानाही डावाच. ज्याचा उजवा खुबा दुखतो तो माणूस आधार डाव्या हातानं घेतो. काठी कुठल्या हातात धरायची हे तिनं शेकडो रुग्णांना शिकवलं होतं.

मोरेश्वर अंगणात नमुने वाळत घालत होता. ती त्याच्याशेजारी जाऊन बसली.

"उजवा खुबा कधीपासून दुखतोय?"

त्यानं नाकारलं नाही. "गेल्या वर्षापासून. तू दवाखान्यात जातेस तेव्हा जरा धरून चालतो. तू असलीस की दात आवळून."

"मी हाडांची डॉक्टर आहे, मोरेश्वर."

"म्हणूनच. तू म्हणाली असतीस, सडा पुरे, कोल्हापूरला चल."

तिला राग आला होता, आणि त्याच्या खाली, आपल्याच घरातलं दुखणं दिसलं नाही याची लाजही होती. "सांधा बदलू," ती म्हणाली. "आणि परत इथेच येऊ. सड्यावर चालशील तितकं ते हाड टिकेल."

"म्हणजे आता माझ्यात पोलाद," तो म्हणाला. मग दोघांनाही हसू आलं.

शस्त्रक्रिया कोल्हापुरात झाली. पावसाळा ओसरायच्या आत तो काठी टाकून पुन्हा कातळावर हिंडू लागला. मुकादम पुढच्या खेपेला आले तेव्हा इरावतीनं आधी त्यांना बोळातच नेलं. चित्र उमटलं, आणि तिनं सुटकेचा श्वास सोडला. दोन्ही पट्टे पुसट झाले होते. गरज संपली तसा जिवाणूंनी तिथला चुना उचलून नेला होता.

"छान बरे झाले की प्रोफेसर," मुकादम म्हणाले.

मोरेश्वर मात्र पडद्यावर वाकून, फूल ओळखताना वाकायचा तसा, काहीतरी बघत होता. जुन्या पट्ट्यांच्या चार बोटं खाली, दोन्ही भिंतींवर, एकेक कोवळी रेघ उमटू लागली होती.

"हे माझ्या उंचीला नाही," तो म्हणाला.

"उपकरणाचा दोष असेल," इरावती म्हणाली, आणि स्वयंपाकघराकडे चहा ठेवायला निघाली. बोळाच्या मध्यावर येताच तिची पावलं थबकली. तिनं खाली पाहिलं. तिचा उजवा तळहात, तिला पत्ताही न लागता, भिंतीवर टेकला होता.