एकदाच सांगायचं

अमेरिकेतल्या ईरी शहरात पिरोगीच्या, म्हणजे उकडून परतलेल्या पोलिश करंज्यांच्या, दुकानाच्या वर माझं ऑफिस आहे. तळलेल्या कांद्याचा वास जिन्याने वर येतो, आणि अपघातात मोडलेली माणसंही त्याच जिन्याने येतात. नुकसानभरपाईचे खटले लढवतो म्हणून आम्हाला लोक गिधाडं म्हणतात. म्हणोत बापडे. माझा एक नियम आहे आणि मला त्याचा अभिमान आहे: अशिलाने अपघात एकदाच सांगायचा, तो मला. पुढे विमावाल्यांना, डॉक्टरांना सांगायचं काम माझं. सारखी खपली काढली तर जखम भरणार कधी?

लॉर्ना प्रूइट आली तेव्हा ईरी सरोवराकडून बर्फाचा मारा चालू होता. तिच्या मुठीत लहान मुलीचा लाल हातमोजा होता. घसरलेल्या ट्रकने तिच्या गाडीला मागून धडक दिली होती. तिची मुलगी टेसा मागच्या सीटवर होती, सवयीप्रमाणे आईच्या पाठीत पाय मारत. मायलेकींना एकमेकींशिवाय कुणी नव्हतं.

"जाण्याआधी टेसा शेवटचं काय बोलली ते मात्र नाही सांगणार," लॉर्ना म्हणाली. "तेवढं माझं."

"नको सांगूस," मी म्हटलं. "बाकीचं इथे ठेव आणि घरी जाऊन झोप."

ती गेली तेव्हा हातमोजा टेबलावरच होता. मी जिन्यातून हाक मारली.

"राहू द्या तुमच्याकडे," ती खालून म्हणाली.

त्या संध्याकाळी पुलावर गाडी थांबली असताना माझ्या सीटला मागून ठोसा बसला. मग आणखी एक, हलकासा. मागे कुणी नव्हतं. वय झालं, पाठ बोलायला लागली, असं म्हणून मी स्वतःलाच हसले.

लॉर्ना मात्र सुधारत गेली. झोप लागायला लागली, गालांवर रंग आला. एकदा तर खालून माझ्यासाठी गरम पिरोगी घेऊन आली आणि म्हणाली, "वकीलबाई, तुम्ही वाळत चाललात. खा बघू!" मला बरं वाटलं. तिने टेसाचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. इथेच मनात पाल चुकचुकायला हवी होती.

शपथेवरचा जबाब मात्र तिलाच द्यायचा होता. समोरच्या बाजूचे वकील मिस्टर ब्रँट तसे सभ्य गृहस्थ. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, तुमची मुलगी त्या वेळी काही बोलली का?"

लॉर्नाने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

"कुणाची मुलगी?"

मी वेळ मागून तिला बाहेर नेलं. खटला गेला खड्ड्यात. त्या पोरीला आठवणारं जगात एकच माणूस होतं, आणि त्याच्याकडून मी ती आठवणच काढून घेतली होती. काहीही करून परत द्यायलाच हवी होती.

खिडकीपाशी उभं राहून मी तिला सगळं सांगितलं. ट्रक, बर्फ, पाठीत बसणारे पाय. सांगताना मीच डोळे पुसत होते. मी हातमोजा तिच्या हातात ठेवला.

तिने तो उलटसुलट करून पाहिला. तिचे डोळे भरून आले.

"किती छान विणलाय," ती म्हणाली. "तुमची होती का हो?"

"लॉर्ना, तुझी. टेसा तुझी."

तिने हातमोजा माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं मिटवली.

"कुणाला तरी सांगा हे, वकीलबाई. एकदाच. मग हलकं वाटतं."

मी गाडीत येऊन बसले. काच बर्फाने पांढरी झाली होती.

पाठीत पाय बसला.

"आई," मागून आवाज आला, "हात गार पडलेत."

हे शेवटचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी न वळता हातमोजा मागे धरला. तो घेताना तिची बोटं माझ्या बोटांना लागली. खरंच गार होती.